वाढत्या अंगाचा पॉवर सप्लाय

प्रिय निहार आणि ओवी,

आपल्या घरातला पॉवर सप्लाय वाढत्या अंगाचा आहे.

निहारने मागच्या आठवड्यात मला मेलबर्नहून नवा कम्प्युटर पाठवला. तो साबणाच्या डब्याएवढा आहे. (तो हातात आल्यावरही मी खोकं उलटं करून झटकलं, कम्प्युटर कुठे राहिला म्हणून!) पाठोपाठ फोनवर सूचना आली, "आजी, आता तो जुना पसारा टाकून दे. पाटावरचा तो काळा डबा तर आधी टाक. तो कशाला ठेवलाय?" प्रश्न सरळ आहे. पण मी फोनवर काही सांगायला लागले की तुम्ही दोघं "हो आजी, हो आजी" म्हणत दुसरंच काहीतरी करत असता, आणि आता फोनला पडदा असल्यामुळे मला ते दिसतं. म्हणून लिहून काढते आहे.

आधी "वाढत्या अंगाचं" म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण तुम्ही दोघं मापाचे कपडे घालता. आमच्याकडे वाढत्या मुलाला मापाचा कपडा शिवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. माझं माहेर अकोल्याचं. तिथे मेहबूबचाचा आमचे कपडे शिवायचे. चाचा माझं माप घ्यायचे, आई मागून म्हणायची, "वाढत्या अंगाचं असू द्या हं," की चाचा मान हलवून टेप वीतभर पुढे सरकवायचे. शिवाय शिलाईच्या आत दुमडून जादा कापड ठेवायचे. शिंपी त्याला माया म्हणतात. माझा पहिलीतला फ्रॉक मला तिसरीत बरोबर बसला, आणि तोवर त्याचा रंग उडालेला होता. तुमच्या बाबांच्या, म्हणजे आशिषच्या, शाळेच्या चड्ड्याही चाचांनीच शिवल्या. पहिल्या दिवशी वर्गात आधी चड्डी गेली आणि मागून आशिष गेला.

निहारचा जन्म झाला तोपर्यंत दिवस पालटले होते. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. बार्शीटाकळीकडची माणसं लग्नसराईत कापडाचे गठ्ठे घेऊन चाचांच्या ओट्यावर बसलेली असायची, ती येईनाशी झाली. खेड्यात पैसा आटला की आधी नवा कपडा थांबतो. मग चाचांचा मुलगा रफिक कुठूनसा कम्प्युटर जोडायला शिकला. अर्ध्या दुकानात शिलाई मशीन, अर्ध्या दुकानात कम्प्युटर, आणि दोघांना मिळून एक स्क्रूड्रायव्हर.

तर निहार, तुझं बारसं मेलबर्नला रविवारी दुपारी होतं, म्हणजे आमच्याकडे अमरावतीला सकाळी. आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे आम्हाला येणं शक्य नव्हतं. तू आमचा पहिला नातू, आणि मी तुला अजून पाहिलेलं नव्हतं. एक फोटो आला होता. त्यात दुपटं होतं, टोपी होती, आणि दोन्हींच्या मधे एक नाक. त्या नाकाकडे पाहत मी कितीतरी दुपारी काढल्या. आशिष म्हणाला, "आई, रफिककडून कम्प्युटर करून घे. बारसं घरबसल्या दाखवतो. काय काय लागतं ते मी त्याला सांगतो."

त्याने सगळं सांगितलं. फक्त एक वस्तू राहिली. त्यासाठी रफिकचा मला फोन आला.

"ताई, बाकी सामान आशिषभाईनं सांगितलं. पॉवर सप्लाय तेवढा राहिला. केवढा टाकू?"

पॉवर सप्लाय म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. पण मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. "माहीत नाही" हे वाक्य मी फक्त मुलांच्या तोंडून ऐकलं होतं.

"वाढत्या अंगाचा टाक," मी म्हणाले.

मग रफिक अगदी चाचांच्या आवाजात म्हणाला, "समझ गया, ताई."

दुसरं कोणी असतं तर त्याने विचारलं असतं, बाई, म्हणजे केवढा? पण रफिक शिंप्याचा मुलगा! त्याला काही म्हणजे काही विचारावं लागलं नाही.

रफिक एसटीने आला. चादरीत गुंडाळलेला कम्प्युटर त्याने अकोल्यापासून मांडीवर घेतला होता, लग्नाला निघालेल्या बाळासारखा. पॉवर सप्लाय नागपूरहून परस्पर आमच्या पत्त्यावर आला होता, म्हणून खोकं आमच्याच बैठकीत पहिल्यांदा उघडलं. आत मखमली पिशवी होती. (मला वाटलं, चुकून कोणाचे तरी दागिने आले!) पिशवीतून एक काळा, जड, लांबलचक ठोकळा निघाला. एका अंगाला जाळी, जाळीमागे पंखा, आणि दुसऱ्या अंगातून वायरींची पेंढीच्या पेंढी. रफिकने तो कम्प्युटरच्या पेटीत उभा घालून पाहिला, आडवा घालून पाहिला, तिरपा घालून पाहिला.

"ताई, हा तर बसूनच नाही राहिला."

"जोर लाव."

"जोराचं काम नाही ना, ताई. पेटीपेक्षा हाच लांब आहे."

आबा स्टुलावर पाय ठेवून बसले होते. वकिली सोडून बरेच दिवस झालेले, त्यामुळे उलटतपासणीची भूक होती. "रफिक, एवढा मोठा का मागवला?"

"ताई म्हणल्या, वाढत्या अंगाचा."

"कोणाच्या अंगाचा?"

"कम्प्युटरच्या, वकीलसाहेब."

"कम्प्युटर वाढतो?"

रफिक बिचारा विचारात पडला. "आज तर नाही वाढत. पण कल का क्या भरोसा?"

"आपल्याला केवढा पुरला असता?"

रफिकने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. "याच्या पाव हिश्श्यात काम झालं असतं," तो हळूच म्हणाला. "परत देता येतो, ताई. लहान माझ्याकडे दुकानात पडेल आहे. शुक्रवारी घेऊन येतो."

"झालं तर मग," आबा म्हणाले. "परत!"

"असू द्या हो," मी म्हणाले. "उपयोगी पडेल."

आता तुम्हाला आपल्या घराची घटना ठाऊक असायला हवी. माझ्या एका कपाटावर "उपयोगी पडेल" अशी चिठ्ठी आहे. आत सगळं नीट लावलेलं आहे. मुरंब्याच्या बाटल्या, सुतळ्या, कॅलेंडरच्या पट्ट्या, आणि मापाप्रमाणे झाकणं. (त्या झाकणांचे डबे मात्र सापडत नाहीत.) आबांनी त्या कपाटाकडे नुसतं बोट दाखवलं. युक्तिवाद संपला.

तरी शुक्रवारपर्यंत काम चालावं म्हणून रफिकने ठोकळा बाहेरच ठेवला आणि वायरी पेटीच्या उघड्या कुशीतून आत नेल्या. जमिनीवर कसा ठेवायचा? मी जेवणाचा पाट दिला. वरून क्रोशाचा रुमालही घातला.

"ताई, रुमाल नका घालू. दम घुटेल त्याचा."

मी रुमाल काढला. बटण दाबताच तो पंखा इतक्या हळुवार आवाजात फिरायला लागला की आबांना डुलकी लागली.

इथपर्यंत प्रकरण घरातलं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या देवकाबाई आल्या. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमी काही मोठं मशीन आणलं म्हणते?"

"मशीन नाही हो, कम्प्युटर."

"मंग आमचा पंखा कावून मरतुकडा फिरून राहिला?"

त्या वर्षी पंखे सगळ्या वऱ्हाडात मरतुकडे फिरत होते. वीज दिवसातून किती तरी तास जायची. जाण्याच्या वेळा मी रंगीत पेन्सिलींनी लिहून फ्रीजवर लावल्या होत्या, आणि वीज त्या न वाचता जायची. आली तरी इतकी अशक्त यायची की ट्यूबलाइट पेटावी की नाही याचा बराच वेळ विचार करायची. पण इतके दिवस या सगळ्याचा दोष कोणाला द्यावा ते कळत नव्हतं. आता गल्लीला गुन्हेगार सापडला! पाटावरचा ठोकळा बघायला माणसं येऊ लागली. कोणाचा मिक्सर थांबला, कोणाचा फ्रीज वितळला, कोणाच्या इस्त्रीने ऐन बाहीवर दगा दिला. सगळ्याला मी जबाबदार.

"हा लाईट खाते का?" देवकाबाईंनी लांबूनच विचारलं.

आबा मला घरात विरोध करतात, पण बाहेरच्यांसमोर माझंच वकीलपत्र घेतात. "देवकाबाई, तो पाहिजे तेवढीच वीज घेतो. मोठं ताट वाढलं म्हणून माणूस जास्त जेवतो का?"

"आमचे हे जेवतात," देवकाबाई म्हणाल्या.



मे महिन्याच्या त्या दुपारी तुम्हाला कशा सांगू? वीज गेली की आधी पंख्याचा आवाज जायचा, मग एकेक करून घराचे सगळे आवाज. मी फरशीवर पाणी शिंपडून तिच्यावरच पडायची. गल्लीच्या तोंडाशी पिंजारी कोणाच्या तरी गादीचा कापूस पिंजत असायचा. त्याच्या कमानीचा टणत्कार आणि मग बराच वेळ काही नाही, पुन्हा टणत्कार. खिडकीतून कापसाचे तंतू आत यायचे आणि उन्हाच्या पट्ट्यात येऊन, कुठे जायचं ते विसरल्यासारखे, तरंगत राहायचे. एका दुपारी त्या तंतूंकडे बघता बघता पाटावरचा ठोकळाही उचलला गेला. अलगद. खिडकीतून निघाला आणि चिखलदऱ्याच्या डोंगरांवरून तरंगत चालला. त्याच्या वायरी पाळण्याच्या दोऱ्या झाल्या होत्या, पाळण्यात एक नाक होतं, आणि नाकाभोवती एवढं मोठं पांढरं झबलं, की त्याच्या बाह्या खाली सागाच्या शेंड्यांना लागत होत्या. कुठून तरी माझी आई म्हणत होती, असू द्या, वाढत्या अंगाचं आहे. मी खालून धावत होते. आणि मला अजिबात धाप लागत नव्हती.

"उठ," आबा म्हणत होते. "झोपेत पॉवर सप्लायला अंगाई म्हणून राहिली आहेस."

शुक्रवारी रफिकने लहान पॉवर सप्लाय आणला. तो पेटीत असा बसला, जसा दातांच्या ओळीत दात. झाकण लागलं, स्क्रू लागले. आपल्या घरात मी पहिल्यांदाच एखादी मापाची वस्तू पाहत होते, आणि खरं सांगते, माझं मन लागेना. मोठा ठोकळा मखमली पिशवीत गेला, पिशवी खोक्यात गेली. खोक्याला मी स्वतः सुतळी बांधली. (कपाटातलीच. म्हणजे उपयोगी पडली!) रफिक म्हणाला, "रविवारी येतोच आहे, तेव्हा नेतो. अब्बांनी बाळासाठी झबलं शिवलं आहे, ते बाळाला दाखवायचं आहे म्हणतात." खोकं दाराजवळ पाटावर ठेवलं. जाता-येता मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

रविवारी सगळी गल्ली आमच्याकडे. बाळ बघायचं म्हणून माणसं, फुकट कूलर म्हणून आणखी माणसं. आबांची खुर्ची मधोमध, देवकाबाई जमिनीवर पहिल्या रांगेत, रफिक झबल्याची पुडी घेऊन कम्प्युटरजवळ. त्याने बटण दाबलं.

टक्.

पुन्हा दाबलं. टक्. पंखा जेमतेम थरथरला आणि गप्प.

"काय झालं?"

"होल्टेज नाही, ताई. ट्यूब पाहा ना."

ट्यूबलाइट नुसती टोकांशी लाल झाली होती. आबांनी घसा खाकरला. "आज नळाला पाणी आहे. ज्यांच्या घरी पाण्याची मोटर चालू आहे, त्यांनी हात वर करावेत."

सगळ्यांनी हात वर केले! आणि कूलर? पुन्हा सगळे हात वर. आठवडाभर माझ्या ठोकळ्याला शिव्या देणारी गल्ली आपापल्या मोटरी आणि कूलर चालू ठेवून आमच्या बैठकीत बसली होती.

"मग जा आणि बंद करून या!" मी म्हणाले.

कोणी हललं नाही. उठलं की जागा जाणार होती.

"मी वर्गात अशी—" मी सुरुवात केली. तेवढ्यात देवकाबाईंनी मान वर केली. जिन्यावरून पाणी येत होतं. एकेक पायरी उतरत, अगदी सावकाश.

"मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या, "तुमचीच मोटर चालू हाय वाट्टे."

माझीच होती. टाकी भरून वाहत होती. मी मुकाट्याने जाऊन मोटर बंद केली, आपला कूलरही बंद केला, मग लाजेकाजेने चार-दोन माणसं उठली. ट्यूबलाइटची लाली थोडी वाढली, इतकंच. टक्. टक्. आणि फोन वाजला.

"आई, कुठे आहात तुम्ही?" आशिष. मागे पातेल्यांचे आणि बायकांचे आवाज. "सगळे थांबलेत. एका मैत्रिणीला आत्या केलंय, तिला पुढे अजून एका बारशाला आत्या व्हायचंय!"

मी फोन हातात धरून उभी राहिले. तिकडे माझ्या नातवाच्या कानात नाव सांगणार होते आणि इथे माझ्यासमोर एक काळा पडदा होता. त्यात माझंच तोंड दिसत होतं. दाराजवळ पाटावर खोकं होतं.

"रफिक, तो मोठा लाव."

"ताई, जितक्या होल्टेजवर लहान नाही चालत, तितक्यावर मोठा कसा चालेल?"

"मोठा तर जास्तच मागेल," आबा म्हणाले.

"जेवाले बसेल तो," देवकाबाईंनी पाठिंबा दिला.

सगळे बरोबर बोलत होते. माझ्याकडे एकही कारण नव्हतं. शाळेत मी अशा उत्तराला शून्य दिलं असतं. पण बारसं चाललं होतं हातातून. "लाव म्हणते ना!" मी इतक्या जोरात म्हणाले की फोनमधून आशिष म्हणाला, "काय लावू?"

मग सुतळी सुटेना! मी बांधलेली गाठ ती. आबांनी प्रयत्न केला, रफिकने दात लावले. शेवटी देवकाबाईंनी कमरेच्या चंचीतून अडकित्ता काढला आणि कट्कन गाठ कापली. मखमली पिशवी, वायरींची पेंढी, पेटीची उघडी कूस. ठोकळा पुन्हा पाटावर विराजमान झाला. रफिकने पुटपुटत बटण दाबलं.

टक् झालं नाही. पंखा फिरायला लागला. घाई नाही, कुरकुर नाही, जसा पाहुण्यांचं सगळं आवरल्यावर एखादा घरधनी निवांत पान जमवत बसतो. पडद्यावर उजेड आला. उजेडातून मेलबर्न आलं.

निहार, तू आधी चौकोनांचा बनलेला होतास. गुलाबी चौकोन, पांढरे चौकोन. ते पाण्याखाली हलावेत तसे हलत होते. मग एकेक चौकोन आपल्या जागी जाऊन बसला आणि मधोमध ते नाक आलं. तेच! नाकाला डोळे होते, ओठ होते. तू जांभई द्यायला तोंड उघडलंस आणि चित्र तिथेच थांबलं. तुझी जांभई आमच्या बैठकीत कितीतरी वेळ तरंगत होती. ट्यूबलाइट विझलेली, अर्धा अंधार, सगळी गल्ली पुढे झुकलेली, आणि समोर एक उजळलेली जांभई. आत्या वाकली, ओठ हलले, आवाज मात्र मागाहून चालत आला. "निहार," असं कम्प्युटर म्हणाला, तोवर आत्या निघूनही गेली होती.

"काय नाव ठेवलं?" देवकाबाईंनी डोळे पुसत विचारलं. "मले आयकू नाही आलं."

सगळ्यांनी एकदम सांगितलं.

रफिकने पुडी उघडली आणि चाचांचं झबलं कॅमेऱ्यासमोर धरलं. पांढरंशुभ्र, बारीक टीप. तिकडून आशिषचा घाबरा आवाज आला, "आई, काही दिसत नाही! पडदा पडलाय का?"

"पडदा नाही," मी म्हणाले, "झबलं आहे."

नंतर रफिकने खोकं उलटसुलट करून पाहिलं. हा ठोकळा अगदी अशक्त विजेवरही चालतो, तसं खोक्यावर छापलेलं होतं. "ताई, कसम से, मलाही माहीत नव्हतं," तो म्हणाला. मला मात्र माहीत असायला हरकत नव्हती. खोक्यावरचं इंग्रजी मी पहिल्याच दिवशी सगळं वाचलं होतं. इतकं अशुद्ध होतं की लाल पेनने दुरुस्तही केलं होतं. नेमक्या त्या ओळीत मी एक स्वल्पविराम घातला होता.

आबांनी निकाल दिला, "ठेवा." रफिक लहान पॉवर सप्लाय पिशवीत घालून अकोल्याला परत घेऊन गेला. देवकाबाई जाताना पाटाजवळ थांबल्या, ठोकळ्याच्या जाळीपाशी हात नेऊन वारा पाहिला आणि म्हणाल्या, "गरीब आहे बापा. उगीच बोलली मी त्याले."

त्यानंतर या घरात कम्प्युटर बदलत गेले. पडदे जाड होते ते पातळ झाले. मेहबूबचाचा गेले. रफिकच्या दुकानात आता मोबाइल आहेत आणि शिलाई मशीनवर ग्राहक पाण्याचा ग्लास ठेवतात. माझ्या फ्रॉकाएवढी मी वाढले, आशिष त्याच्या चड्डीएवढा वाढला. ते झबलं निहारला बालवाडीत जाताना सदरा म्हणून बरोबर झालं आणि पुढे ओवीला. यात माझी चूक फक्त एकदाच झाली. पॉवर सप्लायच्या मापाचा कम्प्युटर या घरात अजून आलेला नाही, आणि निहारने पाठवलेला साबणाचा डबा पाहता आता येईल असं वाटत नाही.

तो काळा ठोकळा अजून पाटावरच आहे. बटण दाबलं की त्याचा पंखा फिरतो.